मटेरियल्स इंजिनिअर व्हायचे आहे: कोकणातील विद्यार्थी व पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील बारावीचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुले यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रवेशाचे नियम दर वर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षाची अधिकृत माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

मटेरियल्स इंजिनिअर नेमके काय काम करतो?

एखादी वस्तू कोणत्या पदार्थाची करायची, त्या पदार्थावर कोणती प्रक्रिया करायची आणि ती वस्तू वापरात किती काळ टिकेल, हे ठरवणे हे त्याचे काम आहे. पदार्थाची अंतर्गत रचना, त्यावर झालेली प्रक्रिया आणि त्याचे गुणधर्म या तिन्हींचा संबंध समजून घेणे हा या विद्येचा गाभा होय.

गावचा लोहार कोयत्याला पाणी पाजतो तेव्हा नेमके हेच घडत असते. लालबुंद तापलेले पोलाद पाण्यात एकदम थंड केले की त्यातील कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला वेळ मिळत नाही, स्फटिकांची रचना ताणली जाते आणि धार कठीण होते. तेच पोलाद भट्टीत सावकाश निवू दिले तर ते मऊ राहते. रासायनिक घटक दोन्ही वेळा तेच असतात, गुणधर्म मात्र पार वेगळे. नुसते पाणी पाजून सोडून दिलेला कोयता ठिसूळ होतो आणि नारळावर घाव घालताच त्याची धार तुटते, म्हणून लोहार तो पुन्हा बेताने तापवतो. कोणत्या पोलादाला किती तापमान द्यायचे, किती वेळ आणि कोणत्या वेगाने थंड करायचे, हे लोहार रंगावरून आणि अनुभवावरून ठरवतो. मटेरियल्स इंजिनिअर तेच मोजून, लिहून आणि हजारो नगांत एकसारखे यावे अशा रीतीने ठरवतो. धातूंबरोबरच सिमेंट, काच, सिरॅमिक, प्लास्टिक, फायबर, रंग, बॅटरीतील रसायने आणि चिपमधील सिलिकॉन हे सगळे त्याच्या कक्षेत येते.

मेटलर्जी आणि मटेरियल्स इंजिनिअरिंग या वेगळ्या शाखा आहेत का?

व्यवहारात बहुतेक ठिकाणी ही एकच शाखा आहे. जुने विभाग धातूंपुरते होते. पुढे पॉलिमर, सिरॅमिक आणि इलेक्ट्रॉनिक पदार्थ अभ्यासक्रमात आले आणि विभागांची नावे लांबली. प्रवेशाच्या यादीत ‘मेटलर्जी अँड मटेरियल्स’ अशा धाटणीचे कोणतेही नाव दिसले तर ते याच शाखेचे समजावे.

कोकणातल्या विद्यार्थ्याने या विषयाकडे विशेष लक्ष का द्यावे?

या विषयातील सर्वांत खर्चिक प्रश्न, म्हणजे गंज, कोकणी माणूस रोज पाहत असतो. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर जमिनीवर येतात, त्यातले क्लोराइड लोखंडावर, पत्र्यावर, स्लॅबवर बसते आणि पावसाळ्यातील दमट हवा त्याला सतत ओले ठेवते. देशावर पंधरा वर्षे टिकणारा पत्रा किनाऱ्याजवळ बऱ्याच आधी का जातो, याचे उत्तर एवढ्यात आहे.

स्लॅबचे पोपडे पडून सळया उघड्या पडलेल्या शाळा, दवाखाने आणि घरे किनाऱ्यालगतच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. चांगल्या काँक्रीटचा सामू साडेबारा ते तेराच्या आसपास, म्हणजे अत्यंत अल्कधर्मी असतो, आणि अशा वातावरणात सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर तयार होतो. क्लोराइड काँक्रीटच्या छिद्रांतून झिरपत सळईपर्यंत पोचले की तो थर जागोजागी फुटतो. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्याचा दाब काँक्रीटला आतून सहन होत नाही, तडा जातो आणि त्या तड्यातून आणखी पाणी आत जाते. वरून गिलावा करून रंग दिला तरी आतली क्रिया थांबत नाही, आणि तरीही दुरुस्तीच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी तेवढेच केले जाते, याचे मनापासून वाईट वाटते.

आयएस ४५६ हे भारतीय मानक याबाबत स्पष्ट आहे. किनारी वातावरणातील काँक्रीट त्यात ‘तीव्र’ गटात मोडते. त्यासाठी किमान एम ३० दर्जाचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सांगितले आहे. समुद्राचे तुषार थेट अंगावर येत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात एम ४० आणि ७५ मिलिमीटर. सळईच्या काँक्रीटमध्ये एका घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड असू नये, ही मर्यादाही त्याच मानकात आहे. पुळणीवरची किंवा खाडीची न धुतलेली वाळू वापरली की ही मर्यादा पहिल्याच दिवशी ओलांडली जाण्याची शक्यता असते. हे आकडे गावातल्या प्रत्येक मिस्त्रीला माहीत असावेत आणि ते पाळले जावेत, यासाठी विषय समजणारी स्थानिक माणसे हवीत. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, ही घटना अजून सर्वांच्या मनात ताजी आहे. त्यातील नटबोल्टना गंज चढत असल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने आधी पत्राने कळवले होते, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. घटनेच्या जबाबदारीची चर्चा करणे हा या लेखाचा विषय नाही. परंतु नट आणि पत्र्याच्या फटीत खारे पाणी साचून राहते, तिथला प्राणवायू संपतो आणि त्या फटीतच धातू सर्वांत वेगाने खाल्ला जातो, हे या विषयाच्या पाठ्यपुस्तकातले एक मूलभूत प्रकरण आहे.

हा विषय केवळ गंजापुरता आहे का? कोकणात आणखी काय आहे?

गंजापुरता मुळीच नाही, आणि कोकणात तर पदार्थांचे भांडारच आहे. रेडीचे लोहखनिज, कासार्डे परिसरातील सिलिका वाळू, कणकवली तालुक्यातील क्रोमाइट, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील इल्मेनाइटची काळी वाळू आणि आपल्या घरांचा जांभा, हे सगळे मटेरियल्स इंजिनिअरच्या अभ्यासाचे पदार्थ आहेत. चिरेखाणीतून काढलेला चिरा सुरुवातीला सहज कापता येतो आणि हवेत ठेवल्यावर कठीण होतो, यामागे त्यातील लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांतून पाणी निघून जाण्याची क्रिया आहे.

सर्वांत लक्षणीय उदाहरण काजूचे आहे. वेंगुर्ला आणि मालवण भागातील कारखान्यांत काजूगर काढल्यावर उरणाऱ्या टरफलातून तेल निघते. हे तेल हाताला लागले तर कातडी जळते, म्हणून काजू सोलणाऱ्या बायका हाताला राख किंवा खाद्यतेल लावतात. याच तेलातून कार्डानॉल नावाचा पदार्थ वेगळा करतात आणि त्यापासून इपॉक्सी रंग घट्ट करणारे हार्डनर बनवले जातात. हे हार्डनर थंड आणि किंचित ओलसर पृष्ठभागावरही काम करतात, त्यामुळे जहाजांच्या आणि बंदरातील पोलादाच्या रंगांत त्यांना मागणी आहे. ब्रेकच्या अस्तरातही याच तेलापासून केलेली भुकटी वापरतात. गावात टरफल बहुधा जाळण्यासाठीच विकले जाते; त्याचे पुढचे मूल्य ज्याला कळते तो मात्र कुठेतरी दूर बसलेला असतो.

अकरावीला कोणते विषय घ्यावेत?

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही अनिवार्य समजावेत. गणित सोडून केवळ जीवशास्त्राचा गट घेतला तर या शाखेचा सरळ रस्ता बंद होतो. मेडिकलचा विचार मनात असेल तर चारही विषय ठेवावेत आणि निर्णय बारावीत घ्यावा.

प्रवेश परीक्षा कोणत्या आणि महाविद्यालये कोणती?

राज्यातील महाविद्यालयांसाठी एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट द्यावा लागतो. २०० गुणांच्या या परीक्षेत १०० गुण एकट्या गणिताचे आहेत, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र प्रत्येकी ५० गुणांचे. अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के आणि बारावीला ८० टक्के भार असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. एनआयटीसाठी जेईई मेन आणि आयआयटीसाठी त्यानंतर जेईई ॲडव्हान्स्ड द्यावी लागते.

शाखा असलेली महाविद्यालये मोजकीच आहेत आणि ही गोष्ट पालकांनी आधीच ध्यानात घ्यावी. पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ, नागपूरचे व्हीएनआयटी आणि पवईची आयआयटी मुंबई ही महाराष्ट्रातील प्रमुख नावे. व्हीएनआयटीत निम्म्या जागा राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात, त्यामुळे जेईई मेनमध्ये बरे गुण मिळाले तर तिचा विचार अवश्य करावा. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर सुरतकलची एनआयटी कर्नाटक ही कोकणी मुलांना सोयीची आहे, कारण कोकण रेल्वेचे स्थानक तिथे आहे आणि हवामानही ओळखीचे आहे; मात्र तिथे बाहेरच्या राज्यांच्या कोट्यातून प्रवेश मिळतो. पॉलिमर किंवा रंगांच्या तंत्रज्ञानाकडे ओढा असेल त्याने मुंबईच्या माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे आयसीटीचे अभ्यासक्रम पाहावेत. १९३३ साली सुरू झालेल्या या संस्थेत पॉलिमर आणि पृष्ठलेपन यांचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत.

कोकणातच राहून हा अभ्यास करता येईल का?

पदवीच्या पातळीवर मटेरियल्सच्याच नावाने करणे अवघड आहे. परंतु जवळच्या शाखेतून सुरुवात निश्चित करता येते. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात केमिकल आणि पेट्रोकेमिकल शाखा आहेत. रत्नागिरी, आंबव-देवरूख आणि कणकवली येथे मेकॅनिकल शिकवणारी महाविद्यालये आहेत. मेकॅनिकल किंवा केमिकलची पदवी घेऊन पदव्युत्तर शिक्षण मटेरियल्समध्ये घेणारे विद्यार्थी दर वर्षी असतात. घरची परिस्थिती पाहता चार वर्षे पुण्याला किंवा नागपूरला राहणे शक्य नसेल तर हा मार्ग कमी दर्जाचा मानू नये. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला यंत्रांची आणि भारांची समज असते आणि उद्योगात तिचा पुढे फार उपयोग होतो.

दहावीनंतर डिप्लोमा केला तर?

रत्नागिरी आणि मालवण येथील शासकीय तंत्रनिकेतनांत मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, तर पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात मेटलर्जीचाच डिप्लोमा आहे. डिप्लोमानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) किंवा हीट ट्रीटमेंट (धातू तापवून-निववून गुणधर्म बदलण्याच्या) विभागात लवकर कामाला लागायचे असेल त्याच्यासाठी हा उत्तम रस्ता आहे, कारण डिप्लोमाची मुले भट्टीजवळ उभी राहायला कचरत नाहीत.

बीएस्सीला फिजिक्स किंवा केमिस्ट्री आहे. उशीर झाला का?

अजिबात नाही, आणि रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलांनी तर हे नीट वाचावे. बीएस्सीनंतर तीन वाटा आहेत. पहिली, बारावीला गणित असेल तर राज्याच्या प्रक्रियेतून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. दुसरी, आयआयटीची जॅम परीक्षा देऊन भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रात एमएस्सी आणि मग गेट या पदव्युत्तर अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेतून मटेरियल्समध्ये एमटेक. अनेक संस्था एमएस्सी झालेल्यांना हा प्रवेश देतात, पात्रता त्या त्या संस्थेच्या माहितीत पाहावी. तिसरी, एमएस्सीनंतर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन थेट संशोधन. तिसऱ्या वाटेवर कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे, आणि गेट उत्तीर्ण होऊन एमटेक करणाऱ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. घरून पैसे न मागता शिकता येणे ही अनेक कुटुंबांसाठी निर्णायक बाब असते.

गेटमध्ये मेटलर्जीचा स्वतंत्र पेपर असतो. बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांना अभियांत्रिकी विज्ञानाच्या पेपरमधील मटेरियल्स सायन्सचा भाग किंवा स्वतःच्या विषयाचा पेपर निवडता येतो.

चार वर्षांत प्रत्यक्ष काय शिकवतात?

उष्मागतिकी, धातूंचे अवस्था-आलेख (कोणत्या तापमानाला आणि कोणत्या मिश्रणात धातू कोणत्या अवस्थेत असतो ते दाखवणारे), स्फटिकरचना, पदार्थांची यांत्रिक वागणूक, लोह-पोलाद निर्मिती, ओतकाम, वेल्डिंग, गंजशास्त्र, पॉलिमर, सिरॅमिक आणि परीक्षणाच्या पद्धती असा ढोबळ आवाका आहे. अवस्था-आलेखांना विद्यार्थी घाबरतात. पण एकदा लोह आणि कार्बनचा आलेख हाताने काढून समजला की पुढचे बरेचसे उलगडते, त्यामुळे त्यावर वेळ घालवायला कचरू नये.

प्रयोगशाळेत सर्वांत आधी शिकवतात ते धातूचा नमुना तयार करणे. पोलादाचा तुकडा कापून तो बेकेलाइटच्या गोल वडीत बसवतात, मग खरखरीत ते बारीक अशा क्रमाने पॉलिश पेपरवर घासतात. प्रत्येक पेपर बदलताना नमुना नव्वद अंशांत फिरवायचा असतो, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते दिसते. शेवटी मखमली कापडावर ॲल्युमिनाच्या पाण्याने घासून तो आरशासारखा करतात. या अवस्थेत सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ काहीच दिसत नाही. नंतर अल्कोहोलमध्ये दोन टक्के नायट्रिक आम्ल मिसळलेल्या नायटल द्रावणात तो काही सेकंद बुडवून धुतात, आणि मग पांढरे फेराइटचे (जवळजवळ शुद्ध लोखंडाचे) कण व त्यांच्यामध्ये बोटांच्या ठशासारख्या रेघा असलेले पर्लाइट (फेराइट व लोह-कार्बन संयुगाचे थर) स्पष्ट दिसू लागते. द्रावणात थोडा वेळ जास्त ठेवले तर सगळे काळे पडते आणि पुन्हा पहिल्यापासून घासावे लागते. ज्या विद्यार्थ्याला या कामात तासन्तास रमता येते, त्याला ही शाखा मानवते, असे माझे निरीक्षण आहे.

गणित कच्चे असेल तर?

कलनशास्त्र, अवकल समीकरणे आणि संख्याशास्त्र लागते. गणिताची गती मध्यम असलेला विद्यार्थी मेहनतीने निभावतो. रसायनशास्त्राचा कंटाळा असलेल्याने मात्र पुन्हा विचार करावा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीची अडचण येते का?

पहिले वर्षभर येते. उत्तरपत्रिका आणि व्याख्याने इंग्रजीत असतात आणि परिभाषा नवी असते. उपाय साधा आहे: प्रत्येक नवी संज्ञा इंग्रजीत लिहावी आणि तिच्याखाली ती क्रिया प्रत्यक्षात काय घडते ते मराठीत दोन वाक्यांत लिहावे. जे मराठीत समजावून सांगता येत नाही ते नीट समजलेलेच नसते. अहवाल लिहिण्याची सवय मात्र इंग्रजीतच करावी, कारण तपासणी-अहवाल हेच पुढे तुमचे रोजचे लेखन असणार आहे.

नोकऱ्या कुठे मिळतात? गाव सोडावेच लागेल का?

सुरुवातीची काही वर्षे बहुधा सोडावे लागेल, हे स्पष्ट सांगितलेले बरे. तरी किनारपट्टी आणि तिच्या आसपासचा भाग पाहिला तर संधी वाटतात तेवढ्या कमी नाहीत. पेण तालुक्यात डोलवी येथे जेएसडब्ल्यूचा एकात्मिक पोलाद कारखाना आहे, माणगाव तालुक्यात विळे-भागाड येथे पॉस्कोचा जस्तलेपित पत्र्याचा कारखाना आहे, खोपोली आणि तळोजा पट्ट्यात धातूंवर प्रक्रिया करणारे अनेक उद्योग आहेत, नागोठण्याला पेट्रोकेमिकल आणि रत्नागिरीजवळ फिनोलेक्सचा पीव्हीसी प्रकल्प आहे. लोटे-परशुराम आणि महाड येथील रासायनिक कारखान्यांत आम्ल वाहून नेणाऱ्या पाइपला कोणता धातू वापरावा हा रोजचा प्रश्न असतो. उत्तरेला मुंबईत माझगाव डॉक आणि दक्षिणेला वास्को येथे गोवा शिपयार्ड आहे. घाट चढून गेले की कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव परिसरात फाउंड्रींची रांग लागते. ओतकामाचा खरा अनुभव घ्यायचा असेल तर त्यासारखी जागा जवळपास दुसरी नाही. पुण्याकडे वाहन आणि फोर्जिंग उद्योग आहेत.

पदांची नावे वेगवेगळी असतात: गुणवत्ता नियंत्रण, प्रक्रिया अभियंता, हीट ट्रीटमेंट, वेल्डिंग अभियंता, बिघाड-विश्लेषण, गंज-नियंत्रण, संशोधन व विकास. जाहिरातीत शाखेचे नाव नसले तरी कामाचे वर्णन वाचून अर्ज करावा. निवड मुलाखतीत बहुधा एखादा तुटलेला बोल्ट किंवा दात गेलेला गिअर समोर ठेवून ‘हा का तुटला असेल’ असे विचारतात, आणि तिथे पाठांतर कामी येत नाही. तुटलेल्या पृष्ठभागावर शिंपल्यावरच्या वलयांसारख्या रेषा दिसल्या तर वारंवार पडणाऱ्या भाराने तडा हळूहळू वाढत गेला, एवढे तरी ओळखता आले पाहिजे.

सरकारी आणि संशोधन क्षेत्रात काय संधी आहेत?

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत अभियांत्रिकी पदवीधरांसाठी मेटलर्जीची शाखा असते आणि निवड झालेल्यांना वर्षभराच्या प्रशिक्षणानंतर वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमले जाते. अंबरनाथ येथील नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा ही डीआरडीओची संस्था समुद्रात वापरायच्या पदार्थांवरच काम करते, त्यामुळे किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला ती विशेष जवळची वाटावी. जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा, हैदराबादची संरक्षण धातुकर्म प्रयोगशाळा, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि गंजाच्या संशोधनासाठी कारैकुडीची केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था ही इतर महत्त्वाची ठिकाणे आहेत. सार्वजनिक क्षेत्रातील पोलाद कंपन्यांची भरती पाहत राहावी.

एनडीटीचे प्रमाणपत्र घ्यावे का?

अल्ट्रासोनिक, रेडिओग्राफी, चुंबकीय कण आणि डाय पेनिट्रंट या विनाशविरहित, म्हणजे वस्तू न मोडता करायच्या चाचण्यांना (एनडीटी) मागणी कायम असते, विशेषतः जहाजबांधणी, पाइपलाइन आणि तेल-वायू क्षेत्रात. प्रमाणनाचे तीन स्तर असतात. दुसऱ्या स्तराचा माणूस निकालाचा अर्थ लावून अहवाल देऊ शकतो. रेडिओग्राफीसाठी किरणोत्सर्ग सुरक्षेचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागते. आठवडाभरात सर्व स्तर देण्याचे आणि आखाती देशात नोकरी लावण्याचे आश्वासन देणाऱ्या खासगी वर्गांपासून दूर राहावे, कारण प्रत्यक्ष अनुभवाचे तास भरल्याशिवाय त्या कागदाला किंमत नसते.

मुलींसाठी ही शाखा योग्य आहे का?

आहे. पोलाद कारखान्यांच्या तपासणी प्रयोगशाळांत, संशोधन संस्थांत आणि उत्पादन विभागांतही मुली काम करतात. भट्टीजवळची उष्णता आणि पाळ्या हे कष्ट मुलग्यांनाही तितकेच असतात. शुल्काच्या बाबतीत, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४-२५ पासून लागू केला आहे. मुलीला लांब पाठवायचे नाही म्हणून तिची जागा सोडून देणाऱ्या पालकांनी एकदा तिच्याबरोबर जाऊन वसतिगृह आणि प्रयोगशाळा पाहून यावे.

पगार किती मिळतो?

एकच आकडा सांगणे दिशाभूल करणारे ठरेल. सॉफ्टवेअरच्या तुलनेत पहिली नोकरी बहुधा कमी पगाराची असते. पाच-सात वर्षांनंतर, विशेषतः बिघाड-विश्लेषण, वेल्डिंग किंवा गंज-नियंत्रणात हात बसला की स्थिती सुधारते, कारण असे अनुभवी लोक सहजी मिळत नाहीत. केवळ पहिल्या पगाराकडे पाहून शाखा निवडायची असेल तर ही शाखा निवडू नये.

परत कोकणात येऊन स्वतःचे काम उभे करता येईल का?

येईल, आणि असे लोक परत यावेत अशी तीव्र इच्छा आहे. इमारती, पूल, जेटी आणि पाण्याच्या टाक्या यांची गंज-तपासणी हे मोठे क्षेत्र आहे. त्यातील एक चाचणी उदाहरणादाखल सांगतो. तांबे-तांबेसल्फेटचा संदर्भ-इलेक्ट्रोड ओल्या स्पंजासह स्लॅबवर ठेवतात, दुसरी तार सळईला जोडतात आणि व्होल्टमीटरवर विभव (व्होल्टेज) वाचतात. ते उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही खाली गेले तर त्या जागी सळई गंजत असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक मानतात. एक-एक फुटावर असे वाचन घेऊन नकाशा काढला की बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या स्लॅबमधील दुखरी जागा सापडते आणि तेवढीच दुरुस्ती करून खर्च वाचतो.

बोटींच्या बाबतीतही काम आहे. फायबरच्या बोटीला गंज नाही, पण तिचा शाफ्ट स्टेनलेसचा, पंखा कांस्याचा आणि इतर जोड आणखी कशाचे तरी असतात. खाऱ्या पाण्यात दोन धातू जोडले की त्यातला एक झिजतो. तो वाचवण्यासाठी स्वतः झिजणारे जस्ताचे ठोकळे कुठे आणि किती लावावेत हे गणिताने ठरवता येते. किनाऱ्यावरच्या घरांना स्टेनलेसचे रेलिंग बसवताना ३०४ ऐवजी ३१६ दर्जा घ्यावा, कारण त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि क्लोराइडमुळे पडणारे खड्डे ते रोखून धरते. हे सांगणारा माणूस दुकानात नसतो. लोखंडी खिडक्यांना रंग गणपतीच्या तोंडावर, ऐन दमट हवेत आणि गंज नीट न खरवडता द्यायची आपली रीत आहे, म्हणून तो शिमग्यापर्यंत सुटू लागतो. तोच रंग पाऊस पूर्ण थांबल्यावर, पृष्ठभाग गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून आणि जस्तयुक्त प्रायमर लावून दिला तर जास्त टिकेल.

मात्र पदवी मिळताच सल्लागार म्हणून पाटी लावू नये. आधी मोठ्या उद्योगात किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत काही वर्षे काढावीत, अहवालावर सही करण्याची जबाबदारी काय असते ते अनुभवावे.

प्रवेशासाठी कोणती कागदपत्रे आधी तयार ठेवावीत?

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तिथे जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र. जात वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून तो अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत करावा. निकालानंतर तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रावर गर्दी होते, त्यात पावसाने रस्ते बंद पडतात. उत्पन्नाचा दाखला नवे आर्थिक वर्ष सुरू होताच, एप्रिल-मेमध्येच काढून ठेवावा.